'चानी'मधील सोनेरी रंग

चिं. त्र्यं. खानोलकर यांच्या 'चानी' या लघुकादंबरीचा विचार युद्धविषयक साहित्यात सहसा केला जात नाही. 'गणुराया आणि चानी' (1970) या पुस्तकात ती प्रसिद्ध झाली. 'कोंडुरा' (1966) व 'अजगर' यांच्या लेखकाची कृती म्हणून ती गूढाच्या व नियतीच्या सदरात जाऊन बसली, हे स्वाभाविकच होते. तीत लढाई नाही. आहे ती गोऱ्या सैनिकाच्या बळजोरीतून दक्षिण कोकणातील एका गावात जन्मलेली, गावाने दूर लोटलेली मुलगी. आणि तिच्याकडे ओढला जाणारा, तिची हकीगत सांगणारा एक लहान मुलगा. सैनिक निघून गेल्यावर त्याच्या मागे गावात जे उरते त्याची ही कथा आहे. त्या अर्थाने ती युद्धाच्या छायेतील बालपणाचीच कथा होय.

चानीचे सोनेरी केस व गोरा वर्ण हे या कादंबरीचे केंद्रवर्ती प्रतीक. या रंगाकडे रानातील एखाद्या अमानुषी शक्तीची खूण म्हणून पाहण्याचा मोह वाचकाला होतो. परंतु हा रंग आकाशातून उतरलेला नाही. तो एका विशिष्ट इतिहासातून आला आहे, आणि तो इतिहास या किनाऱ्याला नवखा नाही. डचांनी वेंगुर्ल्यास 1637 मध्ये वखार घातली. सिंधुदुर्ग किल्ला 1765 मध्ये काही काळ इंग्रजांच्या हाती गेला. गोरा शिपाई हा या प्रदेशाच्या स्मृतीत पूर्वीपासून आहे. स्वतः खानोलकरांचा जन्म 1930 मध्ये वेंगुर्ले तालुक्यातील बागलांची राई येथे झाला. दुसऱ्या महायुद्धाची वर्षे म्हणजे त्यांच्या वयाची नऊ ते पंधरा ही वर्षे. ब्रह्मदेश 1942 मध्ये जपानच्या हाती पडल्यावर तेथून येणारा तांदूळ बंद झाला, त्याची झळ कोकणासारख्या तुटीच्या मुलखाला लागली. युद्ध येथे पोचले ते तोफेच्या आवाजाने नव्हे, रिकाम्या कणगीने. चरित्रातून कादंबरीचा अर्थ काढणे अर्थात धोक्याचे आहे, आणि येथे त्याची गरजही नाही.

रंगाचे मूल्य कोण ठरवतो, हा खरा प्रश्न आहे. कोकणातील वरिष्ठ जातींच्या घरांत गोरा वर्ण व घारे डोळे हे कुळाचे भूषण समजले जाते. लग्नाच्या बोलण्यांत त्याचा उल्लेख मुद्दाम होतो. तोच गोरेपणा चानीच्या अंगी आला की कलंक ठरतो. एकच रंग एका उंबऱ्याच्या आत खानदानीचा पुरावा आणि दुसऱ्या उंबऱ्याबाहेर पापाचा पुरावा! प्रतीकाचे हे दुहेरीपण लेखकाने रचलेले नाही. ते गावानेच रचले आहे. म्हणूनच सोनेरी रंगाचा उलगडा निव्वळ गूढात करणे म्हणजे नकळत गावाची बाजू घेणे होय. अत्याचाराला नियती म्हटले की सैनिकही सुटतो आणि वाळीत टाकणारेही सुटतात.

नावाचा विचारही याच दिशेने नेतो. मालवणी बोलीत चानी म्हणजे खार. चपळ, झाडावरून झाडावर पळणारी, कोणाच्या हाती न लागणारी, हा अर्थ सहज ध्यानी येतो. पण खारीशी एक लोककथाही निगडित आहे. वाल्मीकीच्या रामायणात ती नाही. तरी घरोघरी ती ठाऊक आहे. सेतू बांधताना खारीने वाळूचे कण वाहिले, रामाने तिच्या पाठीवरून बोटे फिरविली, आणि तीन पट्टे उमटले. म्हणजे खारीच्या अंगावरची खूणही एका युद्धाचीच खूण आहे. फक्त ती मायेच्या हाताने उमटली. या चानीच्या अंगावरची खूण मात्र हिंसेने उमटली आहे, आणि तिच्या पाठीवरून हात फिरविणारे कोणी नाही. अपवाद एकच, तो कथन करणारा मुलगा.

या मुलाच्या दृष्टीमुळेच प्रतीक कोरडे होत नाही. चानीच्या आईवर जे गुदरले ते त्याने पाहिलेले नाही. मोठ्यांच्या कुजबुजीतून येईल तेवढेच त्याला कळणार, आणि त्यांतलेही निम्मे न कळणार. त्याच्या लेखी सोनेरी केस हे प्रथम नवल आहे. त्या नवलाला घरात बोलायची बंदी का, हे कोडे त्यानंतरचे. वाचकाला मात्र कोड्याचे उत्तर आधीच ठाऊक असते. मुलाचे नवल आणि वाचकाचे ज्ञान यांमधील या अंतरातच कादंबरीचे सारे दुःख साठले आहे. बेडेकरांच्या 'रणांगण'मध्ये (1939) जर्मनीतून बाहेर पडलेल्या ज्यूंची वेदना बोटीवरील प्रौढ नायक जाणतेपणाने पाहतो; येथे जाणतेपणच नाही, आणि तरीही आच अधिक लागते.

या पद्धतीची किंमत लेखकाला द्यावी लागली आहे. मुलाला जे दिसत नाही ते कादंबरीलाही दिसत नाही. त्यामुळे ज्या स्त्रीपासून ही कथा सुरू होते तिचे मन आपल्यापुढे उघडत नाही. खानोलकरांची काव्यमय भाषा ही उणीव झाकते, भरून काढत नाही.

व्ही. शांताराम यांनी 1977 मध्ये या कथेवर चित्रपट काढला. चानीची भूमिका रंजना यांनी केली. पडद्यावर सोनेरी केस पहिल्याच दर्शनात सर्वांना सारखेच दिसतात. कादंबरीत ते आधी त्या मुलाला दिसतात आणि मग, त्याच्या शब्दांवर विसंबून, वाचकाला.