खोक्यावरचे वॅट आणि बॅटरीतले वॅट

मोटारीत बसवण्याच्या ध्वनियंत्रणेच्या जाहिरातीत एकच एकक ठळकपणे छापलेले असते, ते म्हणजे वॅट. डॅशबोर्डमधल्या स्टिरिओवर ‘५० वॅट × ४’, डिकीतल्या ॲम्प्लिफायरवर ‘१००० वॅट’, सबवूफरवर कधी त्याहूनही मोठा आकडा. हे आकडे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. शाळेतले विद्युतशास्त्र बहुतांशी पुरते.

प्रथम स्टिरिओ घेऊ. इंजिन चालू असताना मोटारीतील विद्युतदाब सुमारे १४.४ व्होल्ट असतो. स्पीकरचा रोध ४ ओहम धरू. स्टिरिओतील ॲम्प्लिफायर स्पीकरची दोन्ही टोके आळीपाळीने चालवतो, म्हणून स्पीकरला फार तर +१४.४ ते −१४.४ व्होल्ट मिळू शकतात. शुद्ध सुराचा तरंग साइन आकाराचा असतो. त्याची शक्ती काढताना शिखरदाबाच्या वर्गाला रोधाच्या दुपटीने भागायचे: (१४.४ × १४.४) ÷ (२ × ४), म्हणजे सुमारे २६ वॅट. यंत्रातील घट धरली तर त्याहूनही कमी.

मग ५० आले कोठून? तरंग पूर्ण चौकोनी केला, तर भागाकारातला २ निघून जातो आणि उत्तर सुमारे ५२ वॅट येते. चौकोनी तरंग म्हणजे आवाज इतका चढवणे, की तरंगाचे माथे सपाट कापले जावेत. थोडक्यात, खोक्यावरची शक्ती ही संगीत बिघडल्यानंतरची शक्ती आहे.

डिकीतल्या ॲम्प्लिफायरमध्ये विद्युतदाब वाढवणारे मंडल असते, त्यामुळे तो २६ वॅटच्या पुढे जाऊ शकतो. पण ऊर्जा अखेर बॅटरी आणि अल्टरनेटर यांच्याकडूनच यायची. ‘१००० वॅट’ लिहिलेल्या ॲम्प्लिफायरला ३० अँपिअरचा फ्यूज असेल, तर सतत आत जाऊ शकणारी शक्ती १४.४ × ३०, म्हणजे ४३२ वॅट. कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर बाहेर पडतात जेमतेम २६० वॅट. उरलेले उष्णतेत जातात.

उत्पादक म्हणतील, आम्ही ‘कमाल’ असे लिहिले आहे, खोटे काय? आमचा आक्षेप असा की, कोणत्या अटींवर मोजले हे न सांगता दिलेला आकडा म्हणजे मापन नव्हे. अमेरिकेत घरगुती ॲम्प्लिफायरसाठी अशा अटी १९७४ सालीच नियमाने घालून दिल्या गेल्या. मोटारीतील ॲम्प्लिफायरसाठी तेथील उद्योगसंघटनेने सीईए-२००६ हे मानक केले: १४.४ व्होल्ट, ४ ओहम, विरूपण १ टक्क्याच्या आत. पण ते ऐच्छिक आहे.

प्रश्न केवळ फसवणुकीचा नाही. मोठ्या आकड्यावर विश्वास ठेवून कोणी उडालेल्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा साधी तार बसवतो. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट. बॅटरीपासून डिकीपर्यंत गालिच्याखालून गेलेली बारीक तार अशा वेळी पेट घेऊ शकते. म्हणून तार पुरेशी जाड हवी आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा.

दुसरा प्रश्न कानांचा. पुष्कळ स्पीकर १ वॅट शक्तीला १ मीटरवर ९० डेसिबलच्या आसपास आवाज देतात. १० वॅटला तो १०० डेसिबल होतो. ८५ डेसिबलला ८ तास ही मर्यादा धरून दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करत गेलो, तर १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटे! सबवूफरला जास्त शक्ती लागते हे खरे, कारण खर्जाच्या आवाजाला आपला कान कमी संवेदनशील असतो. परंतु ४० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे साडेआठ मीटर, म्हणजे मोटारीच्या लांबीहूनही मोठी. बंद मोटारीत असा खर्ज आपोआपच वाढतो. तेव्हा तेथेही हजाराची गरज क्वचितच पडते.

शिक्षकांनी अशा ॲम्प्लिफायरचे एखादे रिकामे खोके वर्गात आणावे. विद्यार्थ्यांना फ्यूजचा आकडा शोधायला सांगावा, त्याला १४.४ ने गुणायला लावावे आणि उत्तर खोक्यावरच्या वॅटशेजारी फळ्यावर लिहावे. शक्तीचे सूत्र कशासाठी शिकायचे, हे मग वेगळे सांगावे लागणार नाही.