प्रश्न मुलाला कळला नाही, की आपल्याला उत्तर?

साडेचार वर्षांच्या मुलापुढे गोट्यांच्या दोन ओळी समोरासमोर मांडा, प्रत्येकीत सहा. दोन्हींत सारख्याच आहेत ना, असे विचारले की ते 'हो' म्हणते. मग त्याच्यादेखत एक ओळ पसरून लांब करा आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा. बहुतेक मुले आता लांब ओळीत जास्त गोट्या असल्याचे सांगतात. मांडणी बदलली तरी संख्या तीच राहते ही संकल्पना या वयात तयार झालेली नसते, असा निष्कर्ष जाँ पियाजे यांनी काढला. बी.एड.ला आपण सर्वांनी तो पाठ केलेला आहे.

एडिंबरो विद्यापीठातील मार्गारेट डोनाल्डसन यांनी 'चिल्ड्रन्स माइंड्स' (१९७८) या छोट्याशा पुस्तकात या निष्कर्षाला हात घातला. त्यांचा मुद्दा साधा आहे. मूल केवळ शब्द ऐकत नाही. बोलणाऱ्याच्या कृतीवरून त्याला काय म्हणायचे आहे ते ताडते. मोठ्या माणसाने मुद्दाम ओळ बदलली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर प्रश्न त्या बदलाविषयीच असणार, असे मुलाला वाटते. जेम्स मॅकगॅरिगल यांच्याबरोबर केलेल्या प्रयोगात त्यांनी ओळ विस्कटण्याचे काम एका खट्याळ अस्वलाच्या बाहुलीवर सोपवले. सुमारे चार ते सहा वर्षांच्या ८० मुलांपैकी ५० मुलांनी बरोबर उत्तर दिले. नेहमीच्या पद्धतीने हा आकडा फक्त १३ होता.

पुस्तकाचे मोल इथेच आहे. परीक्षकाची भाषा हाही प्रयोगाचाच भाग असतो, हे ते पटवून देते.

तरीही दोन आक्षेप घ्यावे लागतात. पहिला प्रयोगाविषयीचा. अस्वलाच्या गमतीत मुलांचे ओळीकडे लक्षच राहिले नसेल, तर 'सारख्याच' हे उत्तर समजेतून आले असे कसे म्हणावे? मूर आणि फ्राय यांनी १९८६ मध्ये ही शंका तपासली. अस्वलाने खरोखरच वस्तूंची संख्या बदलली, तेव्हा मुलांना तो बदल ओळखणे उलट जड गेले. म्हणजे ५० या आकड्यातले काही यश उसने असू शकते.

दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा. प्रश्न दोनदा विचारला तरी आठ वर्षांचे मूल फसत नाही. मधल्या काळात काहीतरी घडते, ते काय? इथे पियाजेंचा प्रश्न शिल्लकच राहतो. प्रसंग बाजूला ठेवून नुसत्या शब्दांचा अर्थ धरणे हे कौशल्य आहे आणि शाळेने ते शिकवावे, असे डोनाल्डसन स्वतःच सांगतात. मग त्यांचे आणि पियाजेंचे अंतर दिसते तेवढे मोठे नाही. पुस्तकाचे चाहते हे उत्तरार्धातले म्हणणे सहसा विसरतात.

शिक्षकांसाठी प्रश्न नुसत्या वादाचा नाही. पहिलीतल्या मुलाच्या नावापुढे 'संख्येची जाण नाही' असा शेरा पडला, की त्याला सोपी कामे दिली जातात, आणि पुढे शेरा खरा ठरत जातो. तेव्हा शेरा लिहिण्यापूर्वी तोच प्रश्न निराळ्या शब्दांत, निराळ्या प्रसंगी विचारून पाहावा. खाऊ वाटताना विचारावा, किंवा दुसऱ्या मुलाला विचारायला सांगावे. आणि उत्तर बरोबर आले तरी 'कशावरून?' हे विचारायला विसरू नये.