कर्नेलमधील मेमरीचे विखंडन : ढमढेरे यांच्या ग्रंथाच्या अनुषंगाने एक चिकित्सा

आयआयटी मुंबईचे माजी प्राध्यापक डी. एम. ढमढेरे यांच्या ‘ऑपरेटिंग सिस्टिम्स : अ कन्सेप्ट-बेस्ड अप्रोच’ या ग्रंथाने कर्नेलच्या मेमरी-वाटपाला स्वतंत्र स्थान दिले, ही मोलाची गोष्ट होय. बडी पद्धती, मॅककुसिक-कॅरेल्स, लेझी बडी आणि स्लॅब यांचे विवेचन तेथे नेमके आहे. तथापि विखंडन हे त्या विवेचनात वाटपपद्धतीचा गुणधर्म म्हणून येते. चालत्या यंत्रातील बिघाड म्हणून येत नाही.

हा भेद शेतीच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. मुंबई प्रांतातील 1947 च्या कायद्याने तुकडेबंदीबरोबर एकत्रीकरणही योजिले. कारण एकूण क्षेत्र पुरेसे असूनही विखुरलेल्या तुकड्यांत औत नीट फिरत नाही. मेमरीचेही तसेच. समजा, 4 केबीची 2,000 पाने मोकळी आहेत. म्हणजे सुमारे 8 एमबी जागा शिल्लक आहे. तरीही कोणतीही 16 पाने सलग नसतील, तर चौथ्या श्रेणीची 64 केबीची मागणी फेटाळली जाते. सामान्य प्रोग्रामला पेज टेबलामुळे हा विस्कळीतपणा जाणवत नाही. भौतिकदृष्ट्या सलग जागा मागणाऱ्या ड्रायव्हरला मात्र तो अडवतो.

येथे निदानाचा प्रश्न उभा राहतो. लिनक्सच्या नोंदीत ‘पेज अलोकेशन फेल्युअर’ दिसल्यास प्रथम मागणीची श्रेणी पाहावी लागते, मग ‘बडीइन्फो’मधील श्रेणीनिहाय शिल्लक. लहान श्रेणी भरलेल्या आणि मोठ्या रिकाम्या असतील, तर विखंडनाचा संशय बळावतो. सर्वच श्रेणी आटत असतील आणि स्लॅबमधील वस्तू वाढतच असतील, तर ती बहुधा गळती असते. तिचा शोध ‘केमेमलीक’ने घ्यावा. यंत्र पुन्हा सुरू केल्याने लक्षण जाते, पण पुरावाही जातो.

हलवता येणारी व न येणारी पाने वेगळ्या गटांत ठेवण्याची योजना लिनक्सच्या 2.6.24 आवृत्तीत (2008) आली, तर संकोचनाची 2.6.35 मध्ये (2010). ग्रंथाची दुसरी आवृत्ती 2006 ची असल्याने तिला याबद्दल दोष देणे अन्यायाचे ठरेल. दोष आहे तो आजही ‘अंतर्गत व बाह्य विखंडनातील फरक लिहा’ एवढ्यावर थांबणाऱ्या अध्यापनाचा. व्याख्या पाठ असलेल्या विद्यार्थ्यापुढे बंद पडलेला सर्व्हर ठेवला, तर त्याने सुरुवात कोठून करावी?

देगलूरसारख्या तालुक्याच्या गावीही या अभ्यासास खर्चाची अडचण नाही. लिनक्स विनामूल्य आहे. प्रशासकाच्या अधिकाराने ‘कॉम्पॅक्ट_मेमरी’त 1 लिहावा आणि त्यापूर्वीचे व नंतरचे ‘बडीइन्फो’ ताडून पाहावे. काही पाने सरकतात, मोठे सलग भाग तयार होतात. कर्नेलच्या स्वतःच्या वापरातील बरीच पाने मात्र, शेतातील विहिरीप्रमाणे, जागची हलत नाहीत. ती कोणी घेतली आणि हलवता येणाऱ्या पानांच्या गटात कशी शिरली, हे ‘पेज_ओनर’च्या आधारे शोधणे हा प्रात्यक्षिक परीक्षेचा विषय होऊ शकतो.