भुतांचे सस्पेन्स अकाउंट

भुताखेतांना मी भीत नाही. मी भितो तो ऑडिटरला. भूत बिचारे अमावस्या पाहून तरी येते. ऑडिटरला तिथी नाही, वार नाही. भूत लिंबू-नारळावर भागते. ऑडिटर जेवूनखाऊन, वर पान लावून घेतो आणि जाताना चार शेरे मारून जातो ते जातोच. त्यामुळे जिल्ह्याच्या गावचे एक प्रकाशक घरी येऊन जेव्हा म्हणाले, "भयकथांचा एक संग्रह काढतोय, संपादन तुम्ही करायचं," तेव्हा मी चाटच पडलो.

"अहो, मीच का?" मी विचारले.

"साहेब, तुम्ही विनोदी लिहिता, म्हणजे तुम्हाला कशाचंच काही वाटत नाही. आणि बँकेत आहात, म्हणजे हिशेबाला चोख."

तिसरे कारण त्यांनी सांगितले नाही, पण ते आमच्या हिच्या लगेच लक्षात आले. "तुम्ही मानधन मागणार नाही, हे त्यांना कुणी सांगितलं?" असे तिने ते गेल्यावर विचारले.

महिनाभरात एक्केचाळीस कथा आल्या. मी पडलो कॉमर्सचा. कागद दिसला की वाचण्याआधी तो कोणत्या गठ्ठ्यात जाईल ते बघायचे, ही आमची वीस वर्षांची सवय. दिवसाची व्हाउचरे लावावीत तशा मी कथा लावल्या. पहिल्या गठ्ठ्यात सतरा कथा, सगळ्या कोकणातल्या पडक्या वाड्याच्या. दुसऱ्यात अकरा, रात्री रस्त्यावर गाडीला हात करणाऱ्या पांढऱ्या साडीच्या. तिसऱ्यात आठ, "आणि मी दचकून जागा झालो" अशा संपणाऱ्या. चौथ्यात चार, ज्यांत नेमके काय झाले ते लेखकालाही कळले नसावे. बेरीज चाळीस. एक उरली. ती मी बाजूला ठेवली. तिच्याकडे मला परत यावेच लागणार आहे, पण ते मागाहून.

आता हे बघा, आमचे किन्हीराजा वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात. लेखकमंडळी कारंजा, रिसोड, मानोरा, मंगरूळपीर अशी आजूबाजूचीच. समुद्र बघायचा म्हटले की आम्हाला रात्रभर गाडीत हाडे खिळखिळी करून घ्यावी लागतात. आणि या सतरा जणांची भुते मात्र पोफळीच्या बागेत, माडांच्या सळसळीत, समुद्राच्या गाजेवर सुखाने नांदत होती! एकाने तर नायकाला भरदुपारी माडाच्या 'फांदीवर' बसवला होता. त्याने माड पाहिला नसावा, नारळ पाहिला असेल, तोही मारुतीपुढे फोडताना.

यात कोकणाचा दोष नाही. तिथे पाऊस आहे, झाडी आहे, आडबाजूची घरे आहेत. भीती तिथे आपोआप उगवते. 'तुंबाड' हा चित्रपट २०१८ साली आला तो तिथलाच, २०२४ सालचा 'मुंज्या'ही तिथलाच. पण भूत म्हणजे काही खत नव्हे, की तिकडून पोते मागवले आणि इकडे पसरले. भूत स्थानिकच लागते. आमच्याकडे नदी-विहिरीवर आसरा आहेत, रात्री वाट चुकवणारा चकवा आहे. आणि त्यांच्याहून भयंकर म्हणजे मध्यरात्री येणारी शेतपंपाची लाइन आहे. बारा वाजता वीज येते म्हणून माणूस बॅटरी घेऊन एकटा वावरात जातो. काळी रात्र, पायाखाली ओल, तुरीच्या ओळीत काहीतरी सळसळते. ते रानडुक्कर आहे, की रोही आहे, की लांबडं आहे, ते कळायला मार्ग नाही. एवढे सगळे दाराशी असताना आमचा लेखक पोफळीच्या बागेत कशाला जातो?

दुसऱ्या गठ्ठ्यातल्या अकरा बायांपैकी चार थेट समृद्धी महामार्गावर उभ्या होत्या. त्या रस्त्यावर पादचाऱ्यांना बंदी आहे, दुचाकीला बंदी आहे. मग ही बाई आत शिरली कुठून? गाडी ताशी एकशेवीसने धावत असताना तिच्या साडीचे काठ नायकाला दिसले कसे? भुताने भिंतीतून जावे, त्याला माझी ना नाही. पण लेखकाने आपल्या रस्त्याचे नियम तरी माहीत करून घ्यावेत! खोट्या गोष्टीला आजूबाजूचे सगळे खरे लागते. चेकवरची सही खोटी असली तरी चेकबुक खरेच लागते, हे कुठलाही अफरातफर करणारा तुम्हाला सांगेल.

उसनवारीला माझा विरोध नाही, हेही सांगून टाकतो. बँकेत राहून उसनवारीला विरोध करून कसे चालेल? नारायण धारपांनी स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वरून 'लुचाई' लिहिली, 'इट'वरून 'शपथ' लिहिली. पण त्या परक्या भुतांना घरात घेण्यापूर्वी त्यांची रीतसर केवायसी केली. पत्ता बदलला, भाषा बदलली, शेजारपाजार बदलला. धारपांची माणसे चहा पितात, नोकरीवर जातात, घरभाड्याची काळजी करतात. भीती मागल्या दाराने येते आणि चांगली ओळख झाल्यावर आपले नाव सांगते. आमच्या सतरा जणांनी वाडा घेतला, कंदील घेतला, करकरणारा जिनासुद्धा घेतला. जिन्यावरून उतरणारा माणूस तेवढा घ्यायचा राहिला.

संग्रहाची आणखी एक गोची असते, ती मला काम हातात घेतल्यावर कळली. भयकथा एकेकटी भेटते तेव्हा जास्त घाबरवते. अनंत अंतरकरांनी १९४६ साली 'हंस' काढला, पुढे 'मोहिनी' आणि 'नवल' काढली. त्यांतल्या 'नवल'ने गूढ आणि अद्भुताला मराठीत हक्काचे घर दिले. पण मासिकात काय होते, की तुम्ही खुशाल लोळत वाचत असता, आधी एखादी हलकीफुलकी गोष्ट झालेली असते, एखादे व्यंगचित्र झालेले असते आणि पान उलटले की अंगावर काटा! तुम्ही बेसावध असता. संग्रहात मुखपृष्ठावरच कवटी असते. वाचक आधीच कमरेला पदर खोचून बसलेला. पहिल्या कथेतल्या जिन्यावर तो दचकतो, दुसऱ्या जिन्यावर हसतो, तिसऱ्या जिन्याच्या पायऱ्या मोजतो. म्हणजे प्रत्येक कथा पुढच्या कथेच्या भीतीतून उचल घेत असते. मोठ्या आवाजाच्या कथेनंतर हळू आवाजाची कथा लावावी, एक जिना एकदाच वापरावा, एवढेच संपादकाच्या हाती उरते. इंग्लंडात पॅन प्रकाशनाने १९५९ पासून भयकथांचे संग्रह काढले, ते तीस झाले. पुढेपुढे त्यांत रक्तच फार वाढले, अशी तक्रार जाणकार करतात. मला नवल वाटले नाही. दर वर्षी मागच्या वर्षापेक्षा टार्गेट जास्त, हे दुखणे आमच्या चांगले ओळखीचे आहे.

आता माझा सिद्धांत. बँकेत एक सस्पेन्स अकाउंट असते. एखादी रक्कम कोणत्या खात्याची तेच समजेना, की तात्पुरती तिथे टाकतात. पुढे तिचा मालक शोधायचा आणि ते खाते नील करायचे. रहस्यकथा म्हणजे हेच. खून झाला, रक्कम सस्पेन्सला टाकली. शेवटच्या पानावर डिटेक्टिव्हने योग्य खाते शोधले, नोंद फिरवली, एकतीस मार्च झाला, सगळे टॅली. भयकथेत मात्र सगळे टॅली होता कामा नये. सगळे जुळवून झाल्यावर एक रक्कम उरली पाहिजे. लहानशी का होईना, पण अशी, की ती वाचकाला रात्री उठवून विचारील, "माझं काय?"

हे ज्यांना कळले त्यांत बँकवाले निघावेत, याचा मला एक कारकून म्हणून अभिमान आहे. रत्नाकर मतकरी १९५८ ते १९७८ अशी वीस वर्षे बँकेत होते. 'खेकडा', 'मध्यरात्रीचे पडघम' हे संग्रह लिहिणारा माणूस दिवसा बँकेत बसत होता! आपल्या कथांना ते गूढकथा म्हणत. तो शब्द मला हिशेबाला धरून वाटतो. भय येते आणि जाते. गूढ शिल्लक राहते.

दुसरा माणूस इंग्लंडातला, डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स. हा पोस्टाच्या सेव्हिंग्ज बँकेत कारकून होता आणि प्रसिद्ध होता तो विनोदी लेखक म्हणून. (हे वाक्य लिहिताना माझी छाती दोन इंच फुगली, हे नम्रपणे नमूद करतो.) त्याने १९०२ साली 'माकडाचा पंजा' ही कथा छापली. एका म्हाताऱ्याला तीन इच्छा पुरवणारा पंजा मिळतो. तो काय मागतो? राज्य नाही, सोने नाही. घरावरचे कर्ज फिटावे म्हणून फक्त दोनशे पौंड मागतो. दुसऱ्या दिवशी मुलगा कारखान्यात यंत्रात सापडून मरतो आणि कंपनीचा माणूस भरपाई आणून देतो, बरोबर दोनशे पौंड. पुढे रात्री दारावर थाप पडते. आई दाराकडे धावते, बाप घाबरून शेवटची इच्छा मागतो आणि दार उघडते तेव्हा बाहेर कुणी नसते. आलेला मुलगा वाचकाला दिसतच नाही. सव्वाशे वर्षे होत आली, ती रक्कम सस्पेन्सलाच पडून आहे.

ही कथा मी पूर्वीही वाचली होती. पण कर्ज, मरण आणि भरपाई या तीन नोंदी एका पानावर बघून अंगावर काटा यायला वऱ्हाडात नोकरी करावी लागते.

तर आता ती एक्केचाळिसावी.

ती शाळेच्या दुरेघी वहीत लिहिलेली होती. लिहिणारी एका खेड्यातली मुलगी. नाव मुद्दाम सांगत नाही. वाडा नाही, अमावस्या नाही. एक शेतकरी पीककर्जाचे नवं-जुनं करायला बँकेत येतो. कारकून संगणकाकडे बघत म्हणतो, सातबारा आणा. तो आणतो. आठ-अ आणा. तो आणतो. दुसऱ्या बँकांचे नो ड्यूज आणा. तेही आणतो. सर्व्हर डाऊन आहे, उद्या या. तो उद्या येतो. शेवटी कारकून सवयीने म्हणतो, हयातीचा दाखला आणा. त्यावर तो माणूस हळूच म्हणतो, "साहेब, तेवढा मात्र नाही जमत." आणि कारकून मान वर न करता म्हणतो, "पुढचे या." कथा संपली.

मी काय केले? लाल पेन घेतले. समासात लिहिले : 'भूत ठळक नाही. पात्र उभे राहत नाही. शेवट अपुरा.' एवढ्यावर न थांबता अकरा ओळी पदरच्या घातल्या. दिवे गेले, पंखा उलटा फिरू लागला, त्या माणसाचे पाय उलटे दिसले, डोळे इंगळासारखे पेटले आणि कारकून किंकाळी फोडून बेशुद्ध पडला. सगळे कसे टॅली! वही परत पाठवून दिली.

आठवड्याने कार्ड आले. 'साहेब, तुम्ही कारकुनाला बेशुद्ध पाडलं. तो शुद्धीवर आहे, हीच तर गोष्ट आहे.'

टीकाशास्त्राची चार पुस्तके वाचून मला जे कळले नसते ते त्या कार्डाने सांगितले. मी भुतावर लाल पेन चालवत होतो आणि भय बसले होते काउंटरच्या अलीकडे. 'पात्र' या शब्दाला आमच्या भागात एक निराळाही अर्थ आहे. शेतकऱ्याने आत्महत्या केली की जमीन नावावर होती का, कर्ज कुणाचे होते, वसुलीचा तगादा होता का, हे सगळे तपासून एक समिती ठरवते, की हे प्रकरण एक लाखाच्या मदतीला पात्र, ते अपात्र. म्हणजे मेल्यावरही कागद पुरे करावेच लागतात. आणि मी तिच्या वहीत लिहिले होते, पात्र उभे राहत नाही! तिच्या घरी काय झाले असेल ते मी विचारले नाही. विचारायचा धीर झाला नाही, असे म्हणणे जास्त खरे.

दुसऱ्या दिवशी शाखेत शिपायाला विचारले, "काय रे, काउंटरवर मी मान वर करतो का?"

"करता ना साहेब," तो म्हणाला, "दोनच्या सुट्टीत."

आमच्याकडे पीककर्ज दोन हंगाम थकले की खाते एनपीए होते. धड जिवंत नाही, धड मेलेले नाही. पुढे ते राइट ऑफ करतात, म्हणजे पुस्तकातून काढून टाकतात. पण वसुली सुरूच राहते. पुस्तकात नाही आणि तरी दारावर थाप मारते, याला दुसरा शब्द कुठला? इतकी वर्षे मी ही खाती चालवली. आणि भुते शोधायला निघालो पोफळीच्या बागेत. म्हणजे त्या सतरा जणांना हसणारा मी अठरावा.

मी माझ्या अकराच्या अकरा ओळी काढल्या, तिची एकही ओळ न बदलता कथा परत मागवली आणि संग्रहात सर्वांत शेवटी लावली. प्रकाशक कुरकुरले. "साहेब, यात भूत येतच नाही! शिवाय शेवटचं अर्धं पान कोरं राहतं." ते पान त्यांनी अखेर भरून काढले. तिथे आता ट्रॅक्टर कर्जमेळाव्याची जाहिरात आहे. ती माझ्यामार्फतच मिळाली, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्या दिवसापासून काउंटरवर कुणी आले की मी आधी मान वर करतो. तोंडभर हसून "बसा काका" म्हणतो. समोरच्याचा चेहरा नीट बघून घेतो. पाय मात्र दिसत नाहीत. काउंटरची उंचीच अशी ठेवली आहे.