घरी परतणारे वडील

मराठी कवितेत आई जितकी आहे, तितके वडील नाहीत. यशवंतांची ‘आई’ किंवा माधव जूलियनांची आईवरची कविता ज्या घरात कुणालाच पाठ नाही, असे घर मागच्या पिढीत विरळाच. गद्यात साने गुरुजींची ‘श्यामची आई’ आहेच. इतकेच काय, पंढरीचा देव पुरुष. पण संतांनी त्यालाही माउली करून टाकले! वडिलांनी मात्र फी भरावी, दिवाळीला कापड आणावे आणि कवितेबाहेर ओटीवर बसून राहावे, अशी आपली रीत.

व्यवहारात याच्या अगदी उलट. मी शाळामास्तर, रोज हजेरी घेतो. प्रत्येक पोराच्या नावामागोमाग त्याच्या बापाचे नाव. आईचे नाव सरकारी कागदावर सक्तीने आले ते १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत. म्हणजे नावात बाप आणि कवितेत आई, अशी आपण वाटणी करून ठेवलेली. नारायण सुर्वे यांना जन्मतःच कुणी टाकून दिले होते. गंगाराम सुर्वे या गिरणीकामगाराने त्यांना घरी नेले, वाढवले आणि आपले नाव दिले. बापाचे नाव हे एवढे मोठे देणे असते. तरी कविता त्याच्यापाशी येऊन अडखळते ती का?

याचे उत्तर मला दिलीप चित्रे यांच्या एका कवितेत सापडले, आणि गंमत अशी की ती मराठीत नाही. ‘फादर रिटर्निंग होम’ ही त्यांच्या ‘ट्रॅव्हलिंग इन अ केज’ (१९८०) या इंग्रजी संग्रहातली कविता. चित्रे (१९३८–२००९) जन्माने बडोद्याचे. त्यांचे वडील पुरुषोत्तम चित्रे तेथे ‘अभिरुचि’ हे चोखंदळ मासिक चालवीत. १९५१ मध्ये हे कुटुंब मुंबईला आले.

कवितेत घडते ते फार थोडे. पावसाळ्यातली रात्र, एक उतारवयाचा माणूस लोकलने घरी येतो. कपडे भिजलेले, पिशवीत पुस्तके कोंबलेली. घरी पाणचट चहा आणि शिळी पोळी. मुले त्याच्याशी मोकळेपणी बोलत नाहीत. हात धुताना मनगटावरच्या पिकत्या केसांना थेंब चिकटून राहतात. मग रेडिओची खरखर ऐकत तो झोपी जातो. रडारड नाही, उपकारांची यादी नाही. कवी स्वतःबद्दल चकार शब्द काढीत नाही. पण त्या घुम्या मुलांत तोही होता, हे आपल्याला कळते आणि काळजात काहीतरी हलते.

आता हे मराठीत लिहून पाहा. पांढरपेशा घरात वडील म्हणजे ‘ते’. ‘ते’ शिळी पोळी खातात, ‘ते’ थरथरतात, असे लिहिताच आदरार्थी बहुवचन मध्ये येऊन उभे राहते. आणि ‘तो’ लिहावे तर जीभ चाचरते. इंग्रजीत ही अडचण नाही. चित्रे दोन्ही भाषांचे धनी. वडिलांकडे निव्वळ माणूस म्हणून पाहायला त्यांना परभाषेचे अंतर उपयोगी पडले असावे, असा माझा तर्क आहे. १९६० नंतर ग्रामीण आणि दलित कवितेत ‘माझा बाप’ एकवचनात आला तो धीटपणे आला. कारण त्या बोलीत तो आधीपासूनच ‘तो’ होता.

शेवटी कवितेतला बाप पूर्वजांचे आणि नातवंडांचे स्वप्न पाहू लागतो, आणि त्याचे मन हजारो वर्षे मागे, एका अरुंद खिंडीतून या देशात शिरणाऱ्या भटक्यांपर्यंत जाते. ही उडी कुणाला ओढूनताणून आणलेली वाटेल. मला ती नेमकी वाटते. जवळच्या मुलांशी बोलणे खुंटले, म्हणून तो मेलेल्यांशी आणि न जन्मलेल्यांशी बोलतो. बापावरची कविता ही मुळात काळावरची कविता असते. आईला मूल लगेच ओळखते. बापाला ओळखायला त्याच्या वयाचे व्हावे लागते.

काळाने चित्र्यांपुढे याहून कठोर पान उलटले. १९८४ च्या भोपाळच्या विषारी वायूने त्यांच्या एकुलत्या मुलाची प्रकृती कायमची ढासळली आणि २००३ मध्ये तो गेला. हे ठाऊक झाल्यावर ती कविता पुन्हा वाचली, की मुलाने रेखाटलेला तो एकटा बाप पुढे कवी स्वतःच झाला, असे वाटून शब्द जड होतात. कवितेत हे नव्हते. वाचकाच्या मनात काळ ते भरतो.

आजची मुले वडिलांना ‘अरे बाबा’ म्हणतात. ‘ते’चा अडसर त्यांच्यापुरता निघाला आहे. तेव्हा वडिलांवरची मराठी कविता आता मोकळी व्हायला हरकत नाही. फक्त अरेतुरे म्हणजे ओळख नव्हे, एवढे तिने ध्यानात ठेवावे.