वीर, हुतात्मा आणि मुलगा : स्मृतिपर लेखनातील एक प्रश्न

स्मृतिपर लेखनाची परीक्षा ते वाचकाला किती हेलावते यावरून बहुधा केली जाते. मृताविषयी ते किती खरे सांगते, हा प्रश्न अशा प्रसंगी अप्रशस्त वाटतो. तथापि युद्धकाळात अकाली गेलेल्या तरुणाविषयी जे लिहिले जाते, त्याच्या बाबतीत हाच प्रश्न प्रथम विचारावयास हवा. नंदुरबारच्या शिरीषकुमार मेहताविषयीचे लेखन या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

घटना सुपरिचित आहे. 9 सप्टेंबर 1942 रोजी, ‘चले जाव’ आंदोलनाच्या महिन्याभरानंतर, नंदुरबारात तिरंगा घेऊन मिरवणूक निघाली. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशात होते. पुढे ते धुळे जिल्ह्यात राहिले आणि 1998 साली स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे झाले. पोलिसांनी मिरवणुकीवर गोळीबार केला. त्यात शिरीषकुमार ठार झाला. त्याच्यासह लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हेही मृत्यू पावले. शिरीषकुमारचा जन्म 28 डिसेंबर 1926 चा. म्हणजे त्या दिवशी त्याला सोळावे वर्षही पुरे झालेले नव्हते.

खानदेशात ही हकीकत पुढे ज्या भाषेत सांगितली गेली, ती मुख्यतः रणभूमीची भाषा आहे. ‘वीरमरण’, ‘धारातीर्थ’, ‘छातीवर झेललेल्या गोळ्या’ हे शब्द तीत ओघानेच येतात. यामागे एक जुना संस्कार उभा आहे. महाराष्ट्रातील वीरगळांवर खालच्या चौकटीत युद्ध, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा आणि वरच्या चौकटीत शिवपूजा अशी मांडणी सामान्यतः आढळते. माथ्यावर चंद्रसूर्य असतात. अनेक वीरगळांवर वीराचे नाव मात्र नसते. व्यक्ती नमुन्यात विरून जाते आणि नमुनाच चिरंतन होतो. शिरीषकुमारची प्रचलित कथाही याच क्रमाने चढत जाते: आव्हान, मृत्यू, अमरत्व.

परंतु हा साचा येथे चपखल बसत नाही. वीरगळावरील योद्ध्याच्या हाती शस्त्र असते आणि समोरच्याच्याही हाती असते. नंदुरबारात शस्त्र एकाच बाजूला होते. निःशस्त्र सैनिकाची कल्पना खानदेशाला अपरिचित नव्हती. 1936 च्या डिसेंबरात फैजपूर येथे काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले होते, आणि ‘स्वातंत्र्यसैनिक’ या शब्दातील सैनिकाने तलवार कधीच खाली ठेवली होती. असे असताना त्याच्या मृत्यूला ‘वीरमरण’ म्हटले की दोन सशस्त्र पक्षांची लढाई झाल्याचा भास निर्माण होतो आणि गोळी झाडणारा नकळत प्रतिपक्षाचा योद्धा ठरतो. ‘हुतात्मा’ शब्दही निर्दोष नाही. त्यातून आहुतीचे चित्र उभे राहते. पण आहुती म्हटली की मारणारा वाक्यातून नाहीसा होतो. गौरवासाठी योजलेले शब्द अशा रीतीने अपराध सौम्य करतात.

व्याकरणही यात सहभागी आहे. स्मृतिलेखांत या मुलाचा उल्लेख आदरार्थी बहुवचनाने होतो. हा आदर स्वाभाविक आहे. मात्र ‘ते पुढे सरसावले’ असे वाचताना डोळ्यांपुढे प्रौढ पुरुष येतो. एकवचनातील ‘तो’ लिहिताच वय परत येते आणि त्या वयाबरोबर घटनेचे भयंकरत्वही. त्याच्या घोषणा गुजरातीत होत्या, ही गोष्ट केवळ तपशील म्हणून सांगितली जाते. खरे पाहता मराठी, अहिराणी व गुजराती यांच्या सीमेवरील व्यापारी गावाचे आणि तेथील एका घराचे चित्र तिच्यात सामावलेले आहे.

याच महायुद्धातील दुसऱ्या एका तरुणाचे स्मरण याच्याशेजारी ठेवले असता भेद स्पष्ट होतो. पाचव्या मराठा पलटणीच्या तिसऱ्या बटालियनमधील नाईक यशवंत घाडगे हे कुलाबा जिल्ह्यातले. 10 जुलै 1944 रोजी इटलीत ते कामी आले, तेव्हा त्यांचे वय 22 होते. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसच्या गौरवपत्रात तुकडीतील इतर सारे पडल्यावर त्यांनी मशीनगनवर एकट्याने चाल केली, हातबाँब टाकला आणि बंदुकीतील गोळ्या संपल्यावर तिच्याच दस्त्याने उरलेल्या दोघांशी झुंज घेतली, हे क्रमवार सांगितले आहे. विशेषणे मोजकी, कृती नेमकी. रणभूमीची भाषा येथे यथार्थ आहे. पण या लेखात गाव नाही, घर नाही. ती उणीव माणगाव येथील पुतळ्याने काही अंशी भरून काढली. 2023 साली इटलीत माँतोने येथे त्यांच्या नावाचे सूर्यघड्याळ उभारले गेले, तेव्हा ज्या भूमीवर ते पडले तिनेही त्यांची नोंद घेतली.

घाडगे यांच्या लेखात कृती उरली आणि माणूस हरपला. शिरीषकुमारच्या लेखात अर्थ उरला आणि मुलगा हरपला. पहिली उणीव भरून निघण्यासारखी आहे, कारण तेथे जे सांगितले आहे ते खरे आहे. दुसरीसाठी भाषाच बदलावी लागेल.

शिरीषकुमारचे मोठेपण यामुळे उणावत नाही. खानदेशातील वर्गांत त्याची कथा ऐकणारी मुले त्याच्याच वयाची असतात. मरण सुंदर असते, असे त्यांनी त्या कथेतून शिकावे की निःशस्त्र मुलावर बंदूक रोखणाऱ्या सत्तेला ओळखावे, हा येथील खरा प्रश्न आहे. त्याचे वय, त्याची भाषा आणि त्याच्यासह पडलेल्या चौघांची नावे ज्या लेखनात शाबूत राहतील, तेच या मृत्यूशी प्रामाणिक ठरेल.