भुते काय मागतात? : एम. आर. जेम्स यांच्या नाताळकथांविषयी

भयकथा ही एकट्याने, दिव्याच्या उजेडात वाचावयाची गोष्ट आहे, असा समज छापील पुस्तकांनी रूढ केला. वस्तुतः हा प्रकार मुळात ऐकण्याचा आहे. घरच्या घरी रचलेली, ओळखीच्या माणसांपुढे सांगितलेली आणि वर्षाच्या ठराविक दिवसांत आठवणारी अशी ही कथा. इंग्लंडमध्ये हे दिवस नाताळचे. दुपारी चारच्या सुमारास तेथे अंधार पडतो, रात्र संपता संपत नाही, आणि शेकोटीभोवती जमलेल्या कुटुंबाला काहीतरी ऐकावयास हवे असते. चार्ल्स डिकन्स यांनी १८४३ च्या डिसेंबरात ‘अ ख्रिसमस कॅरल’ प्रसिद्ध केले आणि पुढे आपल्या नियतकालिकांच्या नाताळ अंकांतून भुतांना हक्काची जागा दिली. ‘द सिग्नलमन’ ही त्यांची गाजलेली कथा १८६६ च्या अशाच एका अंकातील. परंतु डिकन्स लिहीत होते ते हजारो अनोळखी वाचकांसाठी. मूठभर परिचितांच्या बैठकीसाठी भयकथा लिहून तिला वाङ्‌मयीन पूर्णता देण्याचे काम त्यांच्यानंतरच्या एका विद्वानाने केले. त्यांचे नाव मॉन्टेग्यू ऱ्होड्स जेम्स.

जेम्स (१८६२–१९३६) हे एका अँग्लिकन धर्मगुरूचे पुत्र. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचे प्रमुख आणि १९१८ पासून अखेरपर्यंत ईटनच्या विद्यालयाचे प्रमुख, असा त्यांचा लौकिक होता. मध्ययुगीन हस्तलिखितांच्या सूची करण्यात त्यांनी आयुष्य वेचले. नव्या करारात समाविष्ट न झालेल्या आद्य ख्रिस्ती लेखनाचा त्यांचा इंग्रजी अनुवाद १९२४ मध्ये निघाला आणि अभ्यासकांनी तो पिढ्यान्‌पिढ्या हाताशी ठेवला. भयकथा हा या माणसाचा फावल्या वेळेचा उद्योग होता. २८ ऑक्टोबर १८९३ रोजी केंब्रिजमधील एका लहानशा वाचनमंडळात त्यांनी आपल्या दोन कथा वाचल्या आणि तेथून प्रथा पडली. नाताळच्या पूर्वसंध्येला मित्र त्यांच्या खोलीत जमत. कथा बहुधा ऐनवेळी पुरी होई. जेम्स आतल्या खोलीतून हस्तलिखित घेऊन बाहेर येत, एक मेणबत्ती ठेवून बाकीच्या विझवीत आणि वाचावयास बसत, असे त्या बैठकींना हजर असलेल्यांनी लिहून ठेवले आहे.

या कथांची घडण समजून घ्यावयाची तर ही खोली नजरेआड करून चालणार नाही. श्रोते सारे विद्याव्यासंगी होते. म्हणून जेम्स यांच्या कथांत भय उगवते ते ग्रंथालयाच्या सूचीतून, चर्चच्या रंगीत काचेवरील लॅटिन वाक्यातून, जुन्या चित्रविक्रेत्याने पाठविलेल्या साध्या छापचित्रातून. श्रोत्यांच्या रोजच्या हाताळणीतील वस्तूच हळूहळू परक्या होत जातात. कथा एका बैठकीत संपते. निवेदक आवाज चढवीत नाही. विद्वानाच्या संथ, किंचित विनोदी स्वरात तो तपशील मांडीत जातो, आणि ज्या क्षणी अमानुष वस्तू पुढे येते त्या क्षणी वर्णन दोनतीन वाक्यांत आटोपते. एका परीने ही आपल्या गावचीच भाषा आहे. केवळ हे गाव पुस्तकांचे आहे.

या कथा छापल्या गेल्या त्यामागेही मित्रप्रेमच होते. जेम्स मॅकब्राइड नावाचा त्यांचा तरुण चित्रकार मित्र कथांसाठी चित्रे काढीत होता. चार चित्रे पुरी झाली आणि १९०४ मध्ये तो वारला. त्याच वर्षी ‘घोस्ट स्टोरीज ऑफ ॲन अँटिक्वरी’ हा संग्रह निघाला तो त्या चार चित्रांसह, त्याची आठवण म्हणून. हा तपशील ध्यानात ठेवावा. त्याचा संबंध पुढे येणार आहे.

आता या कथांतील भुतांकडे वळू. १९११ च्या आपल्या दुसऱ्या संग्रहाच्या प्रस्तावनेत जेम्स यांनी आपला नियम स्पष्ट सांगितला आहे. कथेतले भूत दुष्ट किंवा किळसवाणे असले पाहिजे. प्रेमळ, मदत करणारी भुते परीकथांत किंवा स्थानिक दंतकथांत शोभतात, त्यांचा आपल्याला उपयोग नाही, असा त्यांचा आशय. हा नियम त्यांनी बहुतांशी पाळला. ‘ओ, व्हिसल, अँड आय विल कम टु यू, माय लॅड’ या कथेतील प्राध्यापक पार्किन्स भुतांवर अजिबात विश्वास नसलेला गृहस्थ. टेम्प्लर पंथीयांच्या पडक्या वास्तूत सापडलेली शिटी तो वाजवतो, आणि त्याच्या खोलीतील रिकाम्या खाटेवरची चादर उठून उभी राहते. ते जे कोणी आले आहे त्याला काय हवे आहे, हे शेवटपर्यंत कळत नाही. त्याचे प्राण वाचविणारा कर्नल हा सारा प्रकार रोमच्या चर्चविषयीच्या आपल्या मताला पुष्टी देणारा मानतो. कॅथलिक वाचकाने या वाक्यावर रागावण्याचे कारण नाही. विनोद कर्नलच्या अंगावरच उलटतो. पण जेम्स यांच्या कथाविश्वात मठ, मठाधिपती आणि जुनी उपासना ही वारंवार भयाची कोठारे होतात, हे मात्र नाकारता येत नाही.

‘अ वॉर्निंग टु द क्युरियस’ (१९२५) ही याहून कठोर कथा. पॅक्स्टन नावाचा तरुण समुद्रकाठच्या टेकाडातून एक प्राचीन राजमुकुट उकरून काढतो. मुकुटाचा मृत राखणदार त्याच्या मागे लागतो. पॅक्स्टनला पश्चात्ताप होतो, आणि दोघा सहृदय माणसांच्या मदतीने तो मुकुट जागच्या जागी पुरून टाकतो. दुसऱ्या दिवशी धुक्यातून हाक येते, पॅक्स्टन किनाऱ्यावर धावत जातो आणि त्याचे छिन्न प्रेत सापडते. चोरलेले परत केले, चूक कबूल केली, तरी सुटका नाही. कथा विलक्षण परिणामकारक आहे, आणि तिचा परिणाम या निर्दयतेतच आहे.

येथे जेम्स यांच्याच संशोधनातील एका प्रकरणाची आठवण होते. यॉर्कशायरमधील बायलंड येथे सिस्टर्शियन पंथाचा मठ होता. इ. स. १४०० च्या सुमारास तेथील एका अनाम मठवासीयाने एका जुन्या हस्तलिखिताच्या कोऱ्या पानांवर आसपासच्या बारा भूतकथा लॅटिनमध्ये टिपून ठेवल्या. या कथा शोधून, टिपांसह १९२२ मध्ये एका इतिहासविषयक नियतकालिकात प्रथम छापल्या त्या जेम्स यांनीच. त्यांनी त्या लॅटिनमध्येच ठेवल्या, भाषांतर केले नाही.

या बारा कथांतील गावे मठापासून काही मैलांच्या परिसरातली आहेत : गिलिंग, अँपलफोर्थ, किल्बर्न. माणसेही तशीच. एक जण घोड्यावरून शेंगांचे धान्य नेत असताना घोड्याचा पाय मोडतो. तो ओझे स्वतःच्या पाठीवर घेतो. वाटेत त्याला मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा दिसतो, मग गवताची भिरभिरणारी गंजी आणि तिच्यात उजेड, आणि शेवटी माणसाचा आकार. तो एका मजुराचा आत्मा असतो. तो आपले नाव सांगतो, आपली अडचण सांगतो आणि धान्याचे ओझे ओढ्यापर्यंत वाहून देतो. पुढे त्याच्यासाठी मिस्सा अर्पण होतात व तो मुक्त होतो. दुसऱ्या कथेत स्नोबॉल नावाचा शिंपी रात्री घराकडे परतत असतो. ठिणग्या उडविणारा कावळा त्याच्यावर झडप घालतो, मग साखळी बांधलेला कुत्रा होऊन बोलू लागतो. हा आत्मा चर्चच्या बहिष्काराखाली मेलेल्या माणसाचा. त्याची मागणी नेमकी आहे : बहिष्कार उठवून पापक्षमा आणि एकशे ऐंशी मिस्सा. शिंपी पदरमोड करून हे सारे पार पाडतो, आणि येत्या सोमवारी आणखी तीस आत्म्यांसह आपण आनंदात प्रवेश करणार असल्याचे तो आत्मा त्याला कळवितो.

जेम्स यांनी १९११ मध्ये ज्याला स्थानिक दंतकथांतले भूत म्हटले ते हेच. हे भूत भिववते, पण भिववणे हा त्याचा हेतू नसतो. त्याला काही मागावयाचे असते, आणि मागावयाचे असते ते जिवंत शेजाऱ्याकडे. मृत आणि जिवंत यांच्यात येथे हिशेब उरलेला आहे आणि तो फेडता येतो. अकराव्या शतकाच्या उंबरठ्यावर क्लुनीचे मठाधिपती संत ओदिलो यांनी २ नोव्हेंबर हा मृत श्रद्धावंतांच्या स्मरणाचा दिवस नेमला, त्यामागची धारणा हीच. शुद्धिस्थानातील आत्मे आपल्या प्रार्थनेची वाट पाहतात, म्हणजे मृत्यूनेही गावकी तुटत नाही.

इंग्लंडमध्ये हा धागा राज्याज्ञेने तुटला. बायलंडचा मठ १५३८ मध्ये बंद झाला, मृतांसाठी मिस्सा अर्पण करण्याच्या देणग्या १५४७ मध्ये जप्त झाल्या, आणि १५७१ च्या धर्मसूत्रांनी शुद्धिस्थानाची शिकवण अधिकृतपणे नाकारली. लोकांना भुते दिसावयाची थांबली नाहीत. मात्र त्यांना जिवंतांकडे मागण्याजोगे काही उरले नाही. ज्याला मदत करता येत नाही असा मृत हा केवळ शत्रूच असू शकतो. जेम्स यांची भुते अशी आहेत. त्यांच्या निर्दयतेचे कारण लेखकाच्या स्वभावात शोधण्यापेक्षा या इतिहासात शोधणे मला अधिक योग्य वाटते.

तथापि या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे, आणि तो पहिल्याच बैठकीत वाचलेल्या कथेत आहे. ‘कॅनन अल्बेरिक्स स्क्रॅप-बुक’ मधील डेनिस्टन फ्रान्समधील एका जुन्या चर्चच्या राखणदाराकडून हस्तलिखितांच्या कापलेल्या पानांचा संग्रह विकत घेतो आणि त्यासोबत एक भयंकर सत्त्व त्याच्या खोलीत येते. कथेच्या अखेरीस हा प्रेस्बिटेरियन गृहस्थ जरा ओशाळूनच सांगतो की, त्या कॅननच्या आत्म्याच्या शांतीसाठी आपण मिस्साची व्यवस्था केली आहे, आणि त्याला इतका खर्च येतो याची आपल्याला कल्पना नव्हती. स्नोबॉल शिंप्याशी या विद्वानाचे नाते जडते ते येथे. पुढच्या कथांत जेम्स या दाराकडे क्वचितच फिरकले. पण मृत मित्राची अपुरी चित्रे घेऊन पुस्तक काढणारा माणूस मृतांचे देणे ओळखत नव्हता, असे कोण म्हणेल? त्यांनी ते देणे कथेबाहेर फेडले, इतकेच.

कलेच्या दृष्टीने तुलना केली तर निकाल उघड आहे. बायलंडच्या कथा ओबडधोबड आहेत. रूपे का बदलतात ते कळत नाही, ताण चढत जात नाही, काही ठिकाणी कथा अर्ध्यावरच थांबते. त्यांना सरसकट दयाळूही म्हणता येणार नाही. जेम्स टँकरले या मृत धर्मगुरूचे भूत आपल्या पूर्वीच्या रखेलीचा डोळा काढते, आणि मठाधिपती त्याची शवपेटी उकरून गॉर्मायरच्या तळ्यात टाकवितात. मात्र याच कथेनंतर तो मठवासी एकदम स्वतःविषयी बोलतो. हे लिहिल्याने आपला आत्मा धोक्यात तर येणार नाही ना, असे तो विचारतो, आणि वडीलधाऱ्यांकडून ऐकले तसे लिहिले, अशी कैफियत देतो. टँकरलेचा जर उद्धार व्हावयाचा असेल तर देवाने त्याच्यावर दया करावी, अशी प्रार्थनाही करतो. सांगणारा येथे कथेच्या आत उभा आहे. याउलट जेम्स यांनी १९३१ च्या समग्र संग्रहाच्या प्रस्तावनेत भुतांच्या अस्तित्वाबद्दल पुरावा मिळाल्यास विचार करीन, एवढेच म्हटले. हे उत्तर प्रामाणिक आहे, पण ते मेणबत्तीच्या अलीकडे सुरक्षित बसलेल्या माणसाचे आहे.

या चर्चेचा आपल्या कथाकारांशी निकटचा संबंध आहे. मराठीत भयकथेचे वाचन मुख्यतः दिवाळी अंकांच्या मोसमात होत आले. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी हा प्रकार नेटाने जोपासला, आणि कौशल्याच्या दृष्टीने त्यांच्याकडून शिकण्याजोगे पुष्कळ आहे. मात्र त्या छापील कथांच्या आधीपासून आपल्या गावांत पावसाळी रात्री सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी आहेत. त्यांतील भुतांची व्याख्याच अपुरेपणावर बेतलेली असते. मुंज झाली पण सोडमुंज व्हावयाच्या आत गेलेला मुलगा मुंजा होतो, बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते. कोणाचे तरी काहीतरी राहून गेलेले असते आणि ते गावाच्या ध्यानात असते. श्रद्धा म्हणून या समजुतींचा स्वीकार करण्याचे कारण नाही. कथेचे बीज म्हणून मात्र त्या जेम्स यांच्या नियमापेक्षा बायलंडच्या पानांना जवळच्या आहेत.

आपल्याकडे धर्मग्रामाच्या मेळाव्यांसाठी, नाताळच्या कार्यक्रमांसाठी घरच्या घरी गोष्टी रचणारी तरुण मंडळी आहेत. भयकथा रचावयाची तर चित्रपटांतील रक्त आणि किंकाळ्या त्यांना सहज उपलब्ध असतात. त्यांनी जेम्स यांच्याकडून संयम घ्यावा, ओळखीच्या वस्तूतून भय उगविण्याची रीत घ्यावी, श्रोत्याची जाण घ्यावी. आणि कथा रचून झाली की त्या अनाम मठवासीयाच्या वतीने एक प्रश्न स्वतःला विचारावा : हे भूत आपल्या गावाकडे काय मागते आहे? ज्या कथेपाशी या प्रश्नाचे उत्तर असेल ती ऐकून श्रोते दचकतील, आणि घरी जाताना आपल्या एखाद्या विसरलेल्या मृताचे नाव त्यांना आठवेल.